बुटांच्या वाटेला गेलेली माणसं

डोंगरात लांबलांब पळणारा माणूस शहरात ओळखायचा असेल तर त्याच्या पोटऱ्या बघू नयेत, पायाचे अंगठे बघावेत. सत्यनारायणाला पाटावर बसलेला यजमान. कपाळाला गंध, अंगावर सोवळं, सगळं यथासांग. फक्त उजव्या अंगठ्याचं नख जांभळं-काळं. गुरुजी कलशावर पाणी सोडता सोडता दोनदा त्या नखाकडे बघतात आणि शेवटी न राहवून "दारात सापडला का?" असं हळूच विचारतात. यजमान प्रसन्न हसतो. "नाही, तोरणा उतरताना," असं सांगतो आणि ते शेजारच्या मेव्हण्यालाही ऐकू जाईल इतपत मोठ्याने सांगतो. शर्यतीचं पदक गळ्यात घालून पूजेला बसता येत नाही, तेव्हा नखावर भागवावं लागतं.

खरं तर या नखात मिरवण्यासारखं काही नाही. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं, अंगठा पुढच्या भिंतीवर आदळतो, पुढचे दोन-तीन तास हजारो वेळा आदळत राहतो आणि नखाखाली रक्त साकळतं. काही आठवड्यांनी नख स्वखुशीने निघून जातं. कारण बहुतेक वेळा एकच असतं, बूट लहान. तासन्‌तास पळताना पाय सुजतो, पसरतो, म्हणून डोंगरासाठी बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर, कधी एक नंबर मोठा घ्यायचा असतो. हे पळणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. पण दुकानात गेल्यावर माणूस आपल्या नंबराशी एकनिष्ठ राहतो. "मी आठच घालतो," हे वाक्य तो अकरावीपासून म्हणत आलेला असतो. मधल्या काळात कंबर अठ्ठावीसची अडतीस झाली, केसांनी साथ सोडली, डोळ्यांना नंबर आला, पण पायाचा नंबर बदलायचा म्हटलं की त्याला चारित्र्यावर डाग लागल्याचं वाटतं.

गंमत म्हणजे, ही विद्या आपल्या घराघरांत होती. शाळेचे बूट घेताना आई एक नंबर मोठाच घ्यायला लावायची. "वाढत्या पायाचे द्या हो," असं दुकानदाराला बजावायची आणि पुढे बोटभर जागा आहे ना, हे स्वतः दाबून बघायची. अंगठ्यापुढे बोटभर जागा! आज हेच वाक्य इंग्रजीत सांगण्यासाठी दुकानात प्रशिक्षित माणूस नेमतात. त्या पिढीतल्या एकाही मातेने आयुष्यात अल्ट्रामॅरेथॉन धावलेली नव्हती, तरी मुलाचं नख एकदाही काळं पडू दिलं नाही.

शिवाय बुटाच्या वरच्या टोकाला, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं. कितीतरी बुटांना असतं, तुमच्याही असेल, आत्ता उठून बघितलंत तरी चालेल. नाडी त्या भोकातून वळवून दोन्ही बाजूंना छोटे फासे करायचे, समोरासमोरची टोकं त्यांतून ओवायची आणि ओढायची. टाच मागे घट्ट बसते, पाऊल पुढे सरकत नाही, नख वाचतं. फुकटचा उपाय आहे. आणि फुकटचा असल्यामुळेच त्याच्याकडे कोणी बघत नाही. लोक ते भोक हवा खेळायला ठेवलंय असं समजतात आणि पुढच्या वर्षी पंधरा हजारांचा नवा बूट घेतात.

बूट घेणं पूर्वी अर्ध्या तासाचं काम होतं. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात एक गृहस्थ बुटक्या स्टुलावर बसून, आपला पाय त्या उतरत्या फळीवर ठेवून, "चालून बघा" म्हणायचे. आपण आरशापर्यंत चालून यायचो. झाला व्यवहार. आता दुकानात शिरलं की टी-शर्टातला एक तरतरीत मुलगा गोत्र विचारावं तसं "सर, तुमचं प्रोनेशन काय?" असं विचारतो. आपलं प्रोनेशन चारचौघांत सांगण्यासारखं आहे की नाही, हे ठाऊक नसल्याने गिऱ्हाईक गडबडतं. मग मुलगा समजावतो की पाऊल टेकल्यावर घोट्यातून ते आत किती कलतं, त्याला प्रोनेशन म्हणतात. गिऱ्हाईक लगेच खाली बघतं. चाळीस वर्षं ज्या पायांनी इमानेइतबारे बस पकडून दिली, ते पाय एकाएकी संशयास्पद वाटू लागतात.

त्यानंतर येतो ड्रॉप. टाचेखालच्या तळाची जाडी वजा चवड्याखालच्या तळाची जाडी म्हणजे ड्रॉप. तो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि साधारण शून्य ते बारा असा असतो. फ्लॅट घेताना कार्पेट एरिया किती आणि बिल्टअप किती, हे बिल्डरला विचारायची ज्याची हिंमत झाली नाही, तो गृहस्थ इथे "सहा आहे की आठ?" असं करड्या आवाजात विचारतो. सहा आणि आठ यांतला फरक दोन मिलिमीटर. एवढी जाडी तर आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याचा चिखलच बुटाला देतो, तोही दोन्ही पायांना वेगवेगळी.

शून्य ड्रॉपचा एक पंथ आहे आणि त्याची उत्पत्तिकथा मला फार आवडते. अमेरिकेतल्या यूटा राज्यातला गोल्डन हार्पर हा धावपटू घरच्याच बुटांच्या दुकानात काम करायचा. त्याने तयार बूट टोस्टर ओव्हनमध्ये तापवून त्यांचे तळ सोडवले, टाचेखालचा जादा थर काढून टाकला आणि तळ परत चिकटवले. या उद्योगातून पुढे 'आल्ट्रा' ही कंपनी निघाली. तिचे बूट सपाट तळाचे आणि पुढून पायाच्या बोटांसारखेच रुंद असतात. आपल्याकडे कोणी केक भाजायच्या ओव्हनमध्ये बूट सरकवला असता, तर कंपनी निघायच्या आधी मुलगा घराबाहेर निघाला असता. उद्योजकता आपल्याकडे कमी का, याची चर्चा करणाऱ्यांनी या मुद्द्याचाही विचार करावा.

या धंद्यातलं 2009 हे साल मोठं मजेदार आहे. त्या वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं. जाड गादीच्या बुटांनीच पाय बिघडवले, माणूस अनवाणी पळायलाच जन्मला आहे, असा त्याचा एकंदर सूर. ते धडाक्यात खपलं. मग पाचही बोटांना वेगळे खण असलेले, पातळ तळाचे 'फाइव्हफिंगर्स' लोकांनी पायांत चढवले. ते घातलेला माणूस लांबून अनवाणी दिसायचा आणि जवळून बेडूक. त्या बुटांनी पाय बळकट होतात, दुखापती कमी होतात, हा कंपनीचा दावा मात्र अंगाशी आला. शास्त्रीय आधार नाही म्हणून अमेरिकेत खटला झाला आणि 2014 मध्ये कंपनीने चूक मान्य न करता साडेसदतीस लाख डॉलर बाजूला काढून तो मिटवला. इकडे त्याच 2009 मध्ये फ्रान्समधल्या दोघांनी 'होका' काढली. तिचा तळ आजवर कोणी पाहिला नव्हता इतका जाड. उतारावर पळताना गुडघ्यांना हादरे बसू नयेत हा हेतू. पाहणाऱ्यांनी आधी टिंगल केली, मग रांग लावली. थोडक्यात, बाजाराने एकाच दशकात आधी गादी काढून बूट विकले, नंतर गादी दुप्पट करून विकले, आणि दोन्ही वेळा घेणारे बऱ्याच अंशी तेच होते. मी दोन्ही पंथांच्या लोकांना लंगडताना पाहिलंय. तक्रार दोघांचीही पोटरीपासून सुरू होते.

बुटाचा खरा भाग तळ आहे, बाकीचा नट्टापट्टा. तळाच्या इतिहासात मात्र हसण्यासारखं काही नाही. मिलानचा गिर्यारोहक विताले ब्रामानी याचे सहा साथीदार 1935 मध्ये आल्प्समध्ये वादळात अडकून मेले. त्या काळच्या बुटांचे तळ बर्फाळ खडकावर टिकाव धरणारे नव्हते, हे त्या मृत्यूंमागचं एक कारण. ब्रामानीने टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या मदतीने खाचाखाचांचा रबरी तळ तयार केला. 1937 मध्ये तो बाजारात आला. त्याच्या नाव-आडनावातूनच 'व्हिब्रम' हे नाव झालं. आज महागड्या बुटाच्या तळाला जो छोटा पिवळा अष्टकोन दिसतो, तो हाच. डोंगरी बुटाचा हा तळ पहिल्यापासून टायरवाल्यांच्या पैशावर उभा आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

तळाच्या या दातांना पळणारे 'लग' म्हणतात. नीट पाहिलं तर चवड्याखालचे दात एका दिशेला आणि टाचेखालचे उलट्या दिशेला असतात. पुढचे चढावर रेटा द्यायला, मागचे उतारावर ब्रेक लावायला. पाच-सहा मिलिमीटर खोल दातांचे बूट युरोपातल्या मऊ चिखलासाठी, ओल्या कुरणांसाठी बनवलेले. दुकानात ते हातात घेतले की छाती फुगते. या दातांपुढे सह्याद्री काय टिकणार, असं वाटतं.

सह्याद्री टिकतो. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि थिजताना त्याने कोणत्याही कंपनीला विचारलं नव्हतं. इथे आषाढात काळ्या कातळावर शेवाळाचा इतका पातळ थर धरतो की डोळ्याला दिसत नाही, फक्त पार्श्वभागाला कळतो. ओल्या कातळावर खोल दात उपयोगाचे नाहीत, कारण दात जितके खोल आणि विरळ, तितकं खडकाला प्रत्यक्ष टेकणारं रबर कमी. तिथे मऊ, चिकट रबर आणि दाट, बुटके दात लागतात. मऊ रबर झिजतंही लवकर, म्हणजे बूट जितका चांगला पकडतो तितका लवकर मरतो. भाद्रपदात शेवाळ कमी होतं, पण गवत कमरेपर्यंत येतं आणि खालचा प्रत्येक दगड अज्ञातवासात जातो. गवत वाळलं की घसारा. बारीक मुरूम, त्यावर सुटे खडे, खाली ठोकून बसवलेला उतार. यावर खोल दातही चालत नाहीत आणि बुटके दातही चालत नाहीत. माणूसही चालत नाही, तो आपोआप खाली येतो. चैत्रात सगळं कोरडं, सगळी पकड उत्तम, आणि कातळ असा तापलेला असतो की बाहेर पडायची इच्छाच होत नाही. एक बूट हे सगळं निभावेल अशी ज्याची अपेक्षा आहे त्याने घरात जावयाकडूनही अशाच अपेक्षा ठेवल्या असणार.

या डोंगरांत भटकणाऱ्या एका अख्ख्या पिढीने 'अ‍ॅक्शन'च्या काळ्या ट्रेकिंग बुटांवर निभावून नेलं. दिसायला रखवालदाराचे, किमतीला गरीब, पण ओल्या कातळावर पकड अशी की बाहेरून मागवलेले बूट घालून आलेले पाहुणे चार पायांवर उतरत असताना हे लोक उभे राहून त्यांचे फोटो काढायचे. पळायला ते बूट जड, हे खरं. पण जुन्या ट्रेकरला त्यांच्याबद्दल विचाराल तर तासाभराची निश्चिंती करून विचारा.

पावसाळ्यात आणखी एक मोह होतो, तो वॉटरप्रूफ बुटांचा. 1969 मध्ये बॉब गोर यांनी एका प्लास्टिकला झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला, आणि त्यातून गोअर-टेक्स आलं. पाणी बाहेरच राहतं, घामाची वाफ बाहेर पडते. शोध अव्वल आहे, शंका नाही. फक्त तो शोधताना वेल्ह्यातला जुलै कोणाच्या डोळ्यासमोर नसावा. आपल्याकडे पाणी बुटाच्या कापडातून येत नाही, वरच्या मोठ्या भोकातून येतं, जिथून पाय घालतात तिथूनच. ओढा गुडघाभर असतो. एकदा आत शिरलेलं पाणी तो पडदा तितक्याच निष्ठेने आत राखतो. पुढचे वीस किलोमीटर दोन्ही पायांत एकेक खासगी तळं घेऊन पळायचं. सह्याद्रीत पावसाळ्यासाठी जाळीचा, पाणी लगेच गाळून टाकणारा बूटच बरा.

हे सगळं ज्ञान पाठ करून, पाठीला पाण्याची पिशवी, हातावर घड्याळ, पोटऱ्यांवर घट्ट मोजे अशा थाटात राजगडाच्या वाटेला लागावं, तर समोरून एक मामा येतात. डोक्याला फडकं, खांद्यावर दुधाची किटली, पायांत टायरची चप्पल. आपण ज्या कातळावर बसून उतरायचं की पाठमोरं होऊन उतरायचं याचा विचार करत असतो, त्यावरून ते बोलत बोलत खाली येतात. बोलण्यात खंड पडत नाही, किटलीतलं दूध हिंदकळत नाही. वर आपल्यालाच विचारतात, "पळताय कशापायी? कुनी मागं लागलंय का?"

"नाही मामा, व्यायाम."

"मंग ठीक हाय." आणि दोन पावलं गेल्यावर, काळजीने, "वाईच जपून, त्या बुटानं घसरतंय तिथं."

त्या बुटानं घसरतंय. आपण त्या बुटाची पकड किती न्यूटनची आहे यावर व्हिडिओ बघून आलेलो असतो.

मामांचे जातभाई जगभर आहेत. मेक्सिकोच्या उत्तरेला ताम्र-दऱ्यांत रारामुरी लोक राहतात. त्यांच्या वहाणांना हुआराचे म्हणतात. तळ जुन्या टायरचा कापलेला आणि वर चामड्याची वादी. 1993 मध्ये यातले काही जण अमेरिकेतल्या लेडव्हिलच्या शंभर मैलांच्या शर्यतीत उतरले. शर्यत कोलोरॅडोच्या डोंगरांत, जवळपास सगळी दहा हजार फुटांच्या आगेमागे. पन्नाशी ओलांडलेले व्हिक्टोरियानो चुरो पहिले आले, पायांत वहाणा घालून. पुढे 2017 मध्ये मारिया लोरेना रामिरेझ या रारामुरी तरुणीने मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातली 50 किलोमीटरची डोंगरी शर्यत जिंकली. अंगात घेराचा परकर, पायांत टायरच्या तळाच्या वहाणा. ना जेलची पुडी, ना पोटरीचे मोजे. मग बूटवाले तिला बूट द्यायला धावले, हे वेगळं सांगायला नको.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं आठवा. आजच्या अदिदासच्या टेरेक्स बुटांच्या तळावर अभिमानाने 'कॉन्टिनेंटल' असं छापलेलं असतं. कॉन्टिनेंटल म्हणजे जर्मनीची टायर कंपनी. स्केचर्सच्या कित्येक बुटांचा तळ गुडइयरच्या रबराचा असतो, ती टायर कंपनी अमेरिकेची. मिशेलिननेही बुटांचे तळ केले आहेत. म्हणजे मामांच्या पायांत जे आहे तेच शोरूममध्ये आहे. फरक इतकाच की मामांचं टायर आधी एसटीच्या चाकाला लागून हजारो किलोमीटर घाटात तपासून आलेलं आहे, आणि आपलं कोरं. आठवडी बाजारात जमिनीवर मांडलेली ती चप्पल कितीला मिळते, हे शोरूममध्ये बिल करताना आठवू नये. हात थरथरतो.

लांब पल्ल्याच्या डोंगरी धावण्याचा आपला सगळ्यात मोठा दाखला तर 1660 च्या जुलैमधला आहे. पन्हाळ्याचा वेढा फोडून, रात्री, धो-धो पावसात, पालखी खांद्यावर घेऊन विशाळगडाकडे पळालेले बांदल. आजही दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारे शेकडो लोक असतात. त्यांच्यातले बरेच दुसऱ्या दिवशी पायाच्या फोडांबद्दल बोलतात, आणि नंतर खिंडीत आल्यावर गप्प होतात. रायगडाची हिरकणी आख्यायिकेतली असेल, पण रात्री तो कडा ज्या कारणासाठी उतरली ते कारण आपल्याला लख्ख सांगितलं जातं. पायांत काय होतं, हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही, कोणी विचारतही नाही. हिरकणीच्या काळात जर पुणेरी धावपटू असते तर त्यांनी बाळाची चौकशी करून झाल्यावर ड्रॉप किती ते विचारलंच असतं.

हा विषय खरा रंगतो तो रविवारी सकाळी, सिंहगडाच्या आतकरवाडीच्या पायथ्याला, पोह्यांच्या टपरीवर. आतकरवाडीची वाट चढून उतरून आलेले सात-आठ जण गोल करून उभे असतात आणि सगळ्यांच्या माना खाली. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही. कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या वाटेवर टेकड्या तेरा की चौदा, यावर पुण्यात आजतागायत एकमत नाही, तिथे बुटांवर कुठून होणार? कोणीतरी नवखा "कुठले घेऊ?" असं निरागसपणे विचारतो. प्रत्येक जण आपल्याच पायातला जोडा सुचवतो, कारण आपल्या पंधरा हजारांचं समर्थन करायची ती संधी असते. एक जण मात्र पोह्यांवर लिंबू पिळत शांतपणे म्हणतो, "बूट महत्त्वाचे नाहीत रे, पाय महत्त्वाचे." या ऋषितुल्य माणसाकडे घरी चार जोड असतात. एक कातळाचा, एक चिखलाचा, एक शर्यतीचा आणि एक, आधीच्या तिघांना विश्रांती मिळावी म्हणून.

बूट पाचशे ते आठशे किलोमीटर चालतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मोबाइलमधलं अ‍ॅप ते अंतर मोजत असतं आणि एके दिवशी "तुमचे बूट बदलायची वेळ झाली" असा निरोप पाठवतं. गाडीचं सर्व्हिसिंग दोन वर्षं टाळणारा माणूस हा निरोप मात्र तातडीचा मानतो. सिंहगड-राजगड-तोरणा ही पन्नासहून अधिक किलोमीटरची शर्यत जवळ आली की असे निरोप पायथ्याच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवले जातात. आणि कोणाला युरोपात मों ब्लाँला वळसा घालणाऱ्या यूटीएमबीची स्वप्नं पडत असतील, म्हणजे सुमारे 170 किलोमीटर आणि 10 हजार मीटर चढ, तर त्याच्याशी बुटांखेरीज दुसऱ्या विषयावर बोलायला जाऊ नये. ती शर्यत 2003 मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा जिंकली कोणी, तर दावा दाच्छिरी शेर्पा यांनी. नेपाळच्या डोंगरात वाढलेला माणूस. लहानपणी त्यांचा ड्रॉप कोणी मोजला असेल असं वाटत नाही.

घरच्यांची बाजू कोणी लिहीत नाही, ती लिहायला हवी. डोंगरातून आलेला बूट हा घराच्या दृष्टीने गुन्ह्याचा पुरावा असतो. महाबळेश्वर-कासच्या पठारावरून आला असेल तर लाल, वेल्ह्यातून आला असेल तर काळा-तपकिरी, आणि कुठूनही आला तरी वास तोच. धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, बोळे भिजले की बदलायचे, ही पद्धत चांगली आहे. हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर गोंद सुटतो. पण श्रावणात पंख्याखाली मुलांचे गणवेश असतात, सासऱ्यांचं धोतर असतं, आणि ज्येष्ठतेने बुटांचा नंबर शेवटचा लागतो. तिसऱ्या दिवशी आई नाकाला पदर लावून बिल हातात घेते आणि म्हणते, "एवढ्यात एक ग्रॅम सोनं आलं असतं रे. आणि सोन्याला वास येत नाही."

यावर आजवर कुठल्याही धावपटूला उत्तर सुचलेलं नाही.

एक वर्ग मात्र घरच्यांना त्रास देत नाही. त्याचे बूट मळतच नाहीत. सहा मिलिमीटरचे दात, बोटांपुढे दगडाचा मार झेलणारं कडक रबर, तळात काटा-खडा टोचू नये म्हणून बसवलेली पट्टी, एका झटक्यात आवळणारी दोरी, आणि ती दोरी खोचायला जिभेवर छोटा खिसा. इतकी सगळी जय्यत तयारी घालून हा गृहस्थ शुक्रवारी ऑफिसला जातो, शनिवारी मॉलमध्ये जातो आणि रविवारी वेताळ टेकडीवर सिमेंटच्या रस्त्याने फिरून येतो. वाटेत चिखल दिसला तर वळसा घालतो. पायीची वहाण पायीच बरी, हे म्हणणारे लोक गेले, आता ती काचेच्या कपाटात असते आणि पाहुण्यांना दाखवतात.

तुम्हाला बूट घ्यायचेच असतील तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. नखं कापून जा, आणि ज्या मोज्यांवर पळणार तेच मोजे घेऊन जा. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावर उभं राहून पाय आपटा. अंगठा पुढे टेकला तर रंग कितीही आवडलेला असो, जोडा परत खोक्यात घाला आणि अर्धा नंबर मोठा मागा. मुलगा प्रोनेशन विचारेल, "आहे थोडंसं," म्हणा. शर्यतीला नवा कोरा बूट घालू नका, आधी चार-दोनदा टेकडीवर वापरा. ते वरचं जादा भोक वापरा. आणि जुने झालेले बूट पायथ्याच्या गावात देऊन पुण्य मिळवायचा विचार असेल, तर ते धुऊन, वाळवून, नाड्यांसकट द्या, आणि ज्यांचे दात झिजून सपाट झालेत असे देऊ नका. तिथल्या माणसांना रोज तोच कातळ उतरायचा असतो, आणि त्यांची टायरची चप्पल अजून चांगली पकडते.